भाभी आधी खिडकी उघडायची

ये गं सोनू, अशी जवळ बस. आणि लेकराच्या मानेवर एवढी पावडर थापलीस, ती आधी ओल्या फडक्यानं टिपून काढ बघू. घामोळ्यावर कुणी असा चिखल करतं का? आमच्या भाभीनं पाहिलं असतं, तर तुझ्याआधी मलाच ओरडली असती, "तू मावशी शे का पाहुनी?"

भाभी म्हणजे इथली, जळगावच्या पिंप्राळ्यातली माझी शेजारीण. मारवाडी, घरचं कापडाचं दुकान. माहेर धुळ्याचं, म्हणून अहिराणी अशी बोलायची की बाजारातल्या भाजीवाल्या बघत राहायच्या. कुणाच्याही घरी गेली की बसण्याआधी खिडकी उघडायची. चहापाणी नंतर. मी म्हणायची, "भाभी, उन्हाच्या झळा येतात हो!" तर म्हणायची, "जळगावनी गरमी का पाहुनी शे? ती तर घरजवाई शे. कोंडीसन जास नही." खिडक्या कोंडून ती जात नसते, असं तिचं म्हणणं.

उन्हाळ्यात गल्लीतल्या आया लेकरं घेऊन तिच्याकडेच यायच्या. कुणाच्या मानेच्या वळीत बारीक लाल पुरळ, कुणाच्या काखेत, कुणाच्या पाठीवर. भाभी आधी पाठीला हात लावून अंग तापलंय का बघायची, मग विचारायची, "दूध पेस ना? हसस ना?" हो म्हटलं की, "मंग भिऊ नको. घामोळं शे." साध्या पाण्यानं अंघोळ घाला, घासू नका, टिपा. तेल नको, पावडर नको. झबलं पातळ सुती, नाहीतर उघडंच खेळू द्या. दुकानातल्या मलमलीचा तुकडा फाडून हातात द्यायची, वर टोमणा, "झालरीना फ्राक लग्नमा घाला." पण अंग तापलेलं असलं, पुरळात पू धरलेला असला, लेकरू मलूल दिसलं, की आवाजच बदलायचा. "रिक्षा बोलाव. आत्ते." एकदा एक सासू म्हणाली, सकाळी नेऊ. भाभी लेकरू उचलून रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

आम्हाला वाटायचं, हौस आहे बाईला. मग एका वर्षी गच्चीवर बिबडे, ज्वारीचे पापड गं, घालताना तिनं आपणहून सांगितलं.

तिची पहिली मुलगी, गुड्डी. रांगायला लागलेली. वैशाखात मानेवर, पाठीवर पुरळ उठलं. सासूनं पाहिलं आणि हात जोडले, माता आल्या, म्हणजे देवीचा कोप. मग काय, दाराला कडुलिंबाचा डहाळा, अंघोळ बंद, वारा बंद. पत्र्याच्या खोलीत लेकरू गोधडीत गुंडाळून ठेवलं. "खेळी राह्यनी व्हती वं," भाभी म्हणाली. ताप नव्हता, दूध पीत होती, हे आईला दिसत होतं. पण नवी सून, तोंडावर घुंगट. खिडकीकडे उठली तर सासू म्हणाली, माता कोपेल. दुसऱ्या दिवशी दुपारी गुड्डी रडायची थांबली. सगळ्यांना वाटलं, आराम पडला, झोपली.

एवढं सांगून भाभीनं पुढचा बिबडा थापला. मी पातेलं तिच्याजवळ सरकवलं.

मागच्या मे महिन्यात भाभी अंथरुणाला खिळली. एका सकाळी माझा हात धरून म्हणाली, "एखादं लेकरू आन ना वं. मांडीवर घेसू." मी निघाले. पण सुट्टी पडलेली, सगळ्या सुना लेकरं घेऊन माहेरी गेलेल्या. घराघरांना कुलपं. तुलाही फोन केला होता. तू म्हणालीस, मावशी, ऊन फार आहे, पाऊस पडला की येते. बरोबरच होतं तुझं, तान्ह्याला घेऊन बसमधून कसं येणार. शेवटी पलीकडच्या कॉलनीतल्या शिंप्याची नात मिळाली. तिला कडेवर घेऊन भाभीचा जिना चढले, तर वरून बायकांच्या रडण्याचा आवाज. ती पोर माझ्या खांद्यावरून सगळ्यांकडे बघत हसत होती. तिला कुणाच्या मांडीवर देऊ, मला कळेना.

उद्या तू धुळ्याला परत निघशील. घरचं काम संपत नसतं, सोनू, आणि ऊनही दरवर्षी असतंच. पुढच्या वेळी पहाटेच्या गाडीनं ये, दोन सुती झबली आण, बाकी काही आणू नकोस. पण लवकर ये गं, बाळाला घेऊन.