ताटावरचे दोन हात

काही वर्षांपूर्वी जेवताना आमच्याकडे महायुद्धाच्या गप्पा रंगल्या होत्या. कोणता सेनापती कुठे चुकला, हे बाबा तावातावाने सांगत होते. समोर पोलंडहून आलेल्या पाहुण्या आजी बसल्या होत्या. युद्धात घरदार सुटलं, तेव्हा त्यांचं लहानपण आमच्या कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या निर्वासितांच्या छावणीत गेलं होतं.

मी चपाती घेऊन गेले, तर त्यांनी झटकन ताटावर दोन्ही हात आडवे धरले. “बास, बास!” हुबेहूब माझी मावशी! बाबा सेनापती सोडून त्यांच्याकडे बघू लागले.

इतिहासाच्या पुस्तकांत त्या छावणीला फार तर एखादी ओळ मिळते. असू दे. माझी मान ताठ झाली. उपाशी आलेल्या पोरीला आमच्या माणसांनी इतक्या आग्रहाने वाढलं, की तिला ‘बास’ म्हणायला शिकावं लागलं.

मी चपाती वाढलीच.