आप्पांची पाण्याची बाटली आणि माझं पुडिंग

माझे आप्पा माझ्या घरी येतात तेव्हा पाण्याची बाटली बरोबर घेऊन येतात. बेळगावातल्या बेळगावात वडगावहून अनगोळ ते काय लांब, सायकलवर घाम यायच्या आत माणूस पोहोचतो. पण बाटली हवीच. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं काही खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असा आमच्याकडचा जुना रिवाज. पुष्कळांनी तो कधीच सोडला. आप्पांच्या गल्लीतले बाप लेकीकडे जेवून, वर तिथंच वामकुक्षी घेऊन येतात. आप्पा मात्र दिवाणखान्यात बाटली मांडीशी धरून बसतात, आणि मी चहा विचारला की आत्ताच झाला म्हणतात.

लग्नानंतर सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. एकदा मूल होऊ दे, मग बघते कुठं पळता, असं मी त्यांना चिडवायची. मूल झालं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि आता होणार नाही हे आम्ही दोघांनी समजून घेतलं. मी आईला सांगितलं, आईनं आप्पांना. पुढच्या वेळी येताना त्यांनी मोठी बाटली आणली, आणि एरवी तासाभरात उठणारे आप्पा संध्याकाळपर्यंत बसून राहिले. मला त्या बाटलीचा राग आला आणि बाटली आणणाऱ्याची माया पण आली. मूल नाही हे मी पचवलं होतं. पण म्हणजे माझा बाप माझ्या घरी कधीच काही खाणार नाही, हे काही केल्या पचेना.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या वर्मावर बोट ठेवायचं ठरवलं. आप्पांचं वर्म म्हणजे चॉकलेट. आप्पा विणकर, आणि मागाशेजारच्या सुताच्या कांड्यांच्या टोपलीत तळाशी त्यांची चॉकलेटं असतात, आणि ती कुणाला माहीत नाहीत असा त्यांचा समज आहे. दुसरं वर्म मागाच्या शेडच्या पाठीमागच्या झाडाचा आंबा. तेव्हा चॉकलेट आणि आंब्याचं गार पुडिंग करायचं, आणि त्यातला कण न् कण आप्पांच्याच घरचा असायचा, असा माझा बेत. आई लगेच फितूर झाली. दूध किटलीत घालून तिनं दिलं, साखर, बिस्किटं, कोको, कॉर्नफ्लोअर तिनंच आणून ठेवलं, आंबे आणि चिकू पदराखालून काढून दिले. स्वतःच्याच घरात चोरी करताना ती इतकी खूश मी बघितली नव्हती. घरी येऊन कोकोची पुडी उघडली तर वेलदोड्याचा घमघमाट. गोड म्हटल्यावर वेलदोडा पाहिजेच, असं म्हणून तिनं आधीच कुटून त्यात मिसळला होता.

अमावास्येला आप्पांचा माग बंद असतो, त्या दिवशी ते येतात. आदल्या संध्याकाळी मी कामाला लागले. गार दुधात कोको आणि कॉर्नफ्लोअर गुठळ्या मोडून कालवलं, साखर घातलेल्या उकळत्या दुधात ओतलं आणि पळीला चिकटेपर्यंत ढवळत राहिले. डब्याच्या तळाला दुधात बुडवलेली बिस्किटं, त्यावर चॉकलेट, त्यावर आंब्याच्या फोडी, परत तोच थर, आणि सगळ्यांत वर चिकू. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, हलवू नका, असं मोबाईलवरची बाई सांगत होती. तिच्या गावाला लाईट जात नसावी.

आमच्या गावाला जाते. सकाळी मी आंघोळ करून येते तो फ्रिज मुका झालेला. मी लाईटवाल्यांचा मराठीत आणि कन्नडात उद्धार केला. कन्नडात केला की जरा समाधान होतं. नवरा गार पाण्यासाठी फ्रिजला हात लावायला गेला, त्याच्यावरही खेकसले. बेळगावची हवा थंड असते असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात आमच्या स्लॅबखाली एक दुपार काढून दाखवावी.

आप्पा आले, बाटली खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि टॉवेलनं वारा घेत बसले. मी वाटी भरून समोर नेली. पुडिंग घट्ट राहिलं नव्हतं, पण वाटी हाताला गार लागत होती. चॉकलेटचा वास आला तसं आप्पांचं नाक हललं. मग त्यांनी निग्रहानं मान वळवली. "तुला म्हायत हाय की गं सगळं," म्हणाले.

मी आईचं नाव तेवढं गाळून दूध कुणाचं, आंबे कुणाचे, साखर कुणाची, सगळं सांगून टाकलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं की वस्तू आमच्या असतील, पण केलं कुणी, आणि कुणाच्या शेगडीवर?

या प्रश्नाचीच मी वाट बघत होते. आप्पांनी जन्मभर मजुरीवर विणलं. सूत व्यापारी देणार, आप्पा आपल्या मागावर विणणार, साडी व्यापारी घेऊन जाणार. लहानपणी एका मोरपंखी साडीला मी आमची साडी म्हटलं, तर ती आपली नव्हे, विणणं तेवढं आपलं, असं आप्पांनीच मला मांडीवर घेऊन समजावलं होतं.

"आप्पा, माग तुमचा, हात तुमचा, सूत व्यापाऱ्याचं," मी म्हटलं. "मग साडी कुणाची?"

सुताच्या मालकाची, असं आप्पांना कबूल करावंच लागलं. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला, कारण त्याला हसू आवरेना. पण आप्पा इतक्यात हार मानणारे नव्हेत.

"बरं. आन् गारवा? त्यो तर जावईबापूंच्या लाईटीचा न्हवं?"

"मामा, लाईट सकाळधरनं न्हाय," नवरा म्हणाला. "आन् फ्रिज तुम्हीच दिलाय लग्नात."

आप्पांनी वर बंद पंख्याकडे बघितलं. आल्यापासून ज्या टॉवेलनं वारा घेत होते, तो खांद्यावर टाकला. त्यांनी वाटी उचलली. पहिला चमचा तोंडात गेला आणि डोळे मिटले. वेलदोडा तुझ्या आईनंच घातला असणार, म्हणाले, म्हणजे आईची फितुरीही उघडी पडली. मग पातळ झालंय अशी तक्रार करत त्यांनी वाटी संपवली, आणि तीच तक्रार करत दुसरीही.

मी जिंकले होते. पण रिकाम्या वाट्या उचलताना माझं मन खट्टू झालं. त्यांच्याच घरचं त्यांना वाढून मी इतकी मिरवत होते. माझ्या घरचं म्हणून त्यांच्या पोटात अजून काही गेलंच नव्हतं.

इतकं गोड खाल्ल्यावर तहान लागणारच. बाटली त्यांच्या पायाशी तशीच होती, जवळपास भरलेली. आप्पांनी ती उचलली, पिशवीत घातली आणि पिशवीचे बंद बांधले.

"पाणी दे गं," ते म्हणाले. "माठातलं."

माठ माझा, पाणी माझ्या नळाचं. यात त्यांच्या घरचं काहीच नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी तांब्या भरून आणला. आप्पांनी तो उभ्या उभ्या रिकामा केला, आणि परत माझ्यापुढे धरला.