सिंधुबाईंची पकड

अंथुर्ण्याच्या सिंधुबाई बारामतीतल्या एका दवाखान्यात अपघात विभागात एकवीस वर्षं मावशी म्हणून कामाला आहेत. लहान पोराला टाके घालायचे असले की डॉक्टर हाक मारायचे, “सिंधुबाई, धरायला या!” त्या पोराच्या पायांवर आडव्या पडत, दोन्ही हात दाबून धरत. पोर ओरडून ओरडून लालबुंद होई. “झालं, झालं,” म्हणत राहायचं, पण पकड ढिली करायची नाही. डॉक्टर वाखाणत, आणि सिंधुबाईंनाही बरं वाटे.

गेल्या वर्षी सणसरहून रणजित आपल्या पाच वर्षांच्या सृष्टीला घेऊन धावत आला. मोटरसायकलच्या चाकात पाय जाऊन पोरीची टाच सोलून निघाली होती. सिंधुबाई पदर खोचून पुढं झाल्या. नव्यानं आलेल्या डॉक्टर वृषाली म्हणाल्या, “धरू नका, मावशी. आधी तिचं दुखणं कमी करू.”

त्यांनी सृष्टीच्या नाकात औषधाचा फवारा मारला आणि दहा मिनिटं चक्क थांबल्या. वडिलांच्या मांडीवर पोरीचे हुंदके विरत गेले. मग जखम बधिर केली, धुतली, सात टाके घातले. सृष्टी एकदाच “आई गं” म्हणाली.

सिंधुबाई भिंतीला टेकल्या.

“म्हंजी... न रडवता हुतं?”

“होतं की.”

“हे औषध आत्ता निघालंय?”

“नाही, मावशी. बरीच वर्षं झाली.”

सिंधुबाई मनात मोजू लागल्या. किती पोरं धरली असतील? आपली निकिता सहा वर्षांची असताना तिची हनुवटी फुटली, तेव्हाही त्यांनीच धरलं होतं. घरी जाताना एसटीतूनच त्यांनी लेकीला फोन लावला.

“तुला त्ये टाके आठवत्यात का गं?”

“टाके न्हाय आठवत, आई. मी सोड म्हणत हुते आन् तू सोडत नव्हतीस, तेवढं आठवतंय.”

सिंधुबाईंनी फोन ठेवला.

आठवड्यानं दुसऱ्या एका डॉक्टरांनी कपाळ फुटलेल्या मुलासाठी त्यांना हाक मारली. त्या दारातच उभ्या राहिल्या.

“आदी औषध द्या, डॉक्टर. मी धरणार न्हाय.”

डॉक्टर भडकले. सिंधुबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी औषध आलं. पुढं कितीतरी दिवस ते डॉक्टर त्यांच्याशी बोलत नव्हते.