बाजूला सरकणारी वहिनी

सायकलींच्या क्लबात तिला सगळे वहिनीच म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा. कारण नणंद आधीपासून क्लबात होती आणि पहिल्या दिवशी तीच हिला घेऊन आली होती. सकाळी उजाडता उजाडता सायकल काढायची, मग दिवसभर चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, असं तिचं चाललं होतं.

शर्यतीत तिचं काम ठरलेलं होतं. पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. तिच्या आडोशाला मागे नणंदेने दम राखायचा. शेवटची पांढरी पट्टी दिसू लागली की वहिनीने उजवं कोपर हलवून खूण करायची आणि डावीकडे सरकायचं. मग नणंद सुसाट सुटायची. कप नणंदेचा, फोटो नणंदेचा. वहिनी धापा टाकत पोचेपर्यंत लोक घरी निघालेले असत.

"कप आपल्याच घरात येतो ना?" नवरा म्हणायचा. "मग कुणाच्या का हाताने येईना."

हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. उद्या ऑफिसात याच्याऐवजी याच्या भावाला बढती मिळाली, तर हा एवढ्याच गोडीने 'घरातच आली ना' म्हणेल का? तिने तसं विचारलंही. त्यावर त्याने पेपर तोंडासमोर धरला.

शर्यतींचा मोसम संपला की क्लबचे मास्तर माणसांचे दोन गट पाडत. काहींनी लांबलांबच्या फेऱ्या मारून दम टिकवायचा, आणि मोजक्या काहींनी बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात वेग आणि तोल यांचा सराव करायचा. यंदा वहिनी सरळ मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मला आवारात यायचंय."

"तुझे पाय लांबच्या पल्ल्याचे आहेत," मास्तर म्हणाले. "तुझं छान चाललंय की."

"कुणाचं छान चाललंय?"

मास्तर हसले. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं. इतकी वर्षं वाऱ्याला तोंड द्यायला ही चालते, आणि चार महिने काही शिकायचं म्हटलं तर हिचे पाय आडवे येतात! ती हटून बसली. शेवटी मास्तर म्हणाले, "ये. पण मोसम सुरू व्हायच्या आधी तुम्हा दोघींची शर्यत लावतो. जी जिंकेल तिच्यासाठी वर्षभर दुसरीने वारा घ्यायचा. मग पुन्हा तोंड उघडायचं नाही."

आवारातलं शिक्षण दिसायला पोरखेळ होतं. गवतावर अगदी हळू, खांद्याला खांदा टेकवून दोघींनी सायकली चालवायच्या आणि एकमेकींना रेटायचं. जमिनीवर ठेवलेली बाटली चालत्या सायकलवरून वाकून उचलायची. जड गिअर लावून, जवळजवळ उभ्या सायकलवरून एकदम झेप घ्यायची. धक्का लागला तरी हँडल हलता कामा नये, सायकल आपल्या रेषेतच राहिली पाहिजे, हा सगळ्याचा मथितार्थ. पहिल्या आठवड्यात वहिनीचे गुडघे सोलून निघाले. नणंदच तिला म्हणायची, "ये गं अंगावर, घाबरू नकोस. मी काही काचेची नाही." पोरगी मनाने वाईट नव्हती. फक्त जिंकण्यात काही वावगं आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

हिवाळा सरत आला तेव्हा वहिनीचा वेग खरोखर वाढला होता. मास्तरांनी सहज म्हणून दोघींना आवारात सोडून पाहिलं. वहिनी पुढे होती. पायात जोर होता, छातीत श्वास होता. आवारात आखलेली पट्टी दिसली, आणि तिचं उजवं कोपर आपोआप हललं. सायकल डावीकडे सरकली. नणंद उजवीकडून निघून गेली.

आवारातले सगळे पोट धरून हसले. मास्तर म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हरली याचं तेवढं नाही. पण स्वतःचं कोपरसुद्धा आपलं ऐकत नाही, हे कुठे बोलायची सोय नव्हती. यांनी तिच्याकडून फक्त काम करून घेतलं नव्हतं, तिच्या हाडामासात वाट देणं भरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती गोदामाच्या भिंतीलगत झेपा घेऊ लागली. डावीकडे वीतभर अंतरावर भिंत, सरकायला जागाच नाही. बोटांची सालटी निघाली. दुकानात काच धरताना ती चुरचुरायची, आणि मालक विचारायचा, "हे काय लागलं?" ती म्हणायची, "सवय मोडतेय."

ठरलेली शर्यत बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर झाली. नवराही आला होता. पट्टी दिसली. कोपर हलायला गेलं. तिने हँडल घट्ट आवळलं आणि सरळ गेली. मागून नणंद आली, पण उशिरा आली.

"काय झालं गं तुला?" मास्तरांनी नणंदेला विचारलं.

"ही सरकेल म्हणून थांबले ना मी," नणंद रडवेली होऊन म्हणाली.

सगळा रस्ता उजवीकडे मोकळा पडला होता, आणि ही वहिनीच्या सरकण्याची वाट बघत बसली होती. मास्तरांनी मान हलवली. "मग ही शर्यत धरायची नाही. गैरसमज झाला. परत लावू."

"बरोबर आहे," नवरा म्हणाला.

वहिनीने दोघांकडे पाहिलं. "मी हरले तेव्हा तो निकाल होता. मी जिंकले तर गैरसमज?" तिने सायकल पुन्हा सुरुवातीच्या दिशेने फिरवली. "लावा परत. माझी ना नाही." मग ती नणंदेकडे वळली. "आणि तू माझ्यासाठी थांबू नकोस. मी आता कुठेही सरकत नाही."

या खेपेला नणंद थांबली नाही. ती उजवीकडून सगळा जीव काढून आली, तिचा खांदा वहिनीच्या खांद्याला घासला, हँडल एकदा थरथरलं. वहिनीने रेषा सोडली नाही. अर्ध्या चाकाने ती पुढे होती, आणि ते सगळ्यांना दिसलं.

ती वळून मास्तरांसमोर येऊन थांबली. एक पाय तिने अजून पेडलवरच ठेवला होता.

"तिसरी लावायची?" तिने विचारलं.