टाचलेलं शेवटचं प्रकरण

गोंदियाच्या फलाटावर बाबांनी माझ्या हातात जेवणाच्या डब्याआधी पुस्तक ठेवलं. रहस्यकथा होती, आणि नेहमीसारखं तिचं शेवटचं प्रकरण त्यांनी स्टेपलर मारून बंद केलं होतं. "पिना काढू नको. आधी चिठ्ठी," एवढंच म्हणाले. नोकरीसाठी निघालो होतो ते रायपूर काही तासांवर, तरी रडू यायचं ते आलंच.

आमच्या घरचा नियम होता. वाचून खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी दुमडून पुस्तकातच ठेवायची. दोघांचं वाचून झालं की समोरासमोर बसून चिठ्ठ्या उघडायच्या, मगच पिना. आई गेल्यावर आम्हा दोघा घुम्या माणसांचं बरंचसं बोलणं या चिठ्ठ्यांतूनच चालायचं. रेल्वेतून रिटायर झालेले बाबा बहुतेक वेळा चुकायचे आणि मग उगाच चष्मा पुसत बसायचे.

आता मी नवा रायपूरच्या एका ऑफिसात फाइली ढकलतो आणि शंकर नगरात देवेशबरोबर राहतो. तो रायपूरच्याच पुरानी बस्तीचा, शाळेत शिकवतो. आठ वर्षं झाली. शेजारी 'दोनों भैया' म्हणतात, पुढचं विचारत नाहीत. बाबांना मी सांगितलं होतं, रूम पार्टनर आहे.

तोंडाने सांगवेना म्हणून लिहायला बसलो. जुन्या वळणाची रहस्यकथा, बंद खोलीत मेलेला जमीनदार मालगुजार आणि मुनीमापासून नोकरापर्यंत घरभर संशयित. तपास करणारे वकील पुरानी बस्तीत राहतात, त्यांच्याकडे एक वैद्य भाडेकरू. संशय वैद्यांवर येतो. शेवटच्या प्रकरणात वकील सगळ्यांना जमवून सांगतात, 'वैद्य त्या वेळी माझ्याजवळ होते. ते भाडेकरू नाहीत, माझं माणूस आहेत.' ते प्रकरण टाचून मी प्रत बाबांना पाठवली.

महिन्याभराने प्रत परत आली. पिना जशाच्या तशा, आत चिठ्ठी. मी ती उघडली नाही. नियम समोरासमोरचा होता. खरं तर मी घाबरलो होतो, आणि नियमाआड लपणं सोपं होतं.

पुढच्या फोनवर बाबांनी विचारलं, "दिवाळीले एकटाच येऊन राहिला का?"

"हव, एकटाच."

"बरं," म्हणाले.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी बाबा गेले. सगळं आटोपून रायपूरला आल्यावर चिठ्ठी उघडली. 'खुनी मुनीम. वैद्य भाडेकरू नाही. तुझा रूम पार्टनरही नाही. दिवाळीले दोघं या. मले त्याले पाहाचं आहे.'

लिहिणाऱ्याला खुनी ठाऊकच असतो, तो चिठ्ठी उघडायला कशाला थांबेल, असं त्यांना वाटलं असणार. म्हणजे माझं 'एकटाच' हे त्यांनी या बोलावण्याचं उत्तर धरलं. हे मला सहन होत नाही.

गाव सोडलेल्यांनो, मागे राहिलेल्यांनो, आपण सांगायच्या आधीच आपल्याला ओळखून कोणी वाट पाहत असतं, ते घर. माझं ते गोंदियात होतं आणि मी तिथे पाहुण्यासारखा जात राहिलो.

दिवाळीला दोघं गेलो. कुलूप मीच काढलं. देवेशने चहा केला, तीन कप. बाबांच्या खुर्चीसमोर बसून मी पिना काढल्या आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. देवेशला मराठी अर्धीच कळते. मी मध्ये अडलो तेव्हा म्हणाला, "पूरा पढ़ो, वो सुन रहे हैं."

बाबा, खुनी मुनीम नव्हता. बाकी सगळं तुमचं बरोबर होतं.