ट्रंक बोर्ड बंद झाला तेव्हा

आयर्लंडमधल्या नावन गावात, आमच्या ऑफिसात ग्राहकांचे फोन यापुढे यंत्र घेणार असं ठरलं, आणि आम्हा सगळ्यांना मनःशांतीच्या प्रशिक्षणाला बसवलं. बदलाला सामोरं कसं जायचं, ते शिकवणार होते. मी तिथे नऊ वर्षं फोन घेत होते. शेजारच्या खुर्चीवर एक आयरिश बाई बसायची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. इथली बोली मला तिनेच शिकवली.

प्रशिक्षक मुलगी मऊ आवाजात म्हणाली, “डोळे मिटा. ज्या आवाजाने बरं वाटतं, तो आठवा.”

मला आईचा आवाज आठवला. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का’ विचारणारा नव्हे. कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर परगावचे फोन जोडताना हेडफोन लावून ती “हां, सांगली, बोला” म्हणायची, तो. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. घरच्यापेक्षा वेगळा आवाज होता तो, जरा तोऱ्यातला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना.

शेजारणीने हाताला धरून मला बाहेर पार्किंगमध्ये नेलं.

“आईला फोन कर.”

“आत्ता?”

“आत्ताच. आत काय, सगळे नुसते श्वास घेतायत.”

आईने लगेच उचलला. “बरी आहेस ना गं? आज रविवार नाही.”

नोकरीवर गदा आलीय, हे मी तिच्यापासून लपवलं होतं. सगळं सांगून टाकलं.

“आमचा ट्रंक बोर्ड बंद झाला तेव्हा आम्हाला कुणी डोळे मिटायला नाही सांगितलं,” ती म्हणाली. “सोमवारी जाऊन बघते तर खुर्च्या हलवलेल्या. मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं.”

“तू कधी बोलली नाहीस!”

“तू दहावीत होतीस. आणि सांगणार तरी काय? नोकरी तर होतीच. फक्त कानात कुणी बोलेनासं झालं. बेळगावला एक ऑपरेटर होती. अकरा वर्षं रोज बोलायचो, पण मी तिला पाहिलं नाही कधी. निरोप घ्यायचाच राहिला. अजून वाटतं, कशी दिसत असेल.”

भुरभुर पावसात मी तशीच उभी होते. तिच्यासमोर बसून हे ऐकावं, असं फार वाटलं. गुडघ्यांमुळे तिला विमानप्रवास झेपत नाही, आणि मीही चार वर्षं कोल्हापूरला गेले नव्हते.

पुढे शेजारणीने नोकरी सोडली आणि ती बहिणीकडे कॉर्कला राहायला गेली. मला दुसऱ्या विभागात घेतलं. आता घरूनच काम असतं, दिवसभर कुणाचा आवाज नाही. त्या मुलीने शिकवलेलं श्वासाचं मी करते. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मधल्या सुट्टीत आईला फोन लावते. तिच्याकडे तेव्हा चहाची वेळ असते. बोलायचं सगळं बोलून होतं.

“ठेवते मग,” आई म्हणते.

“ठेव,” मी म्हणते.

कुणीच ठेवत नाही.