तिसऱ्या फेरीतला हात

मी आयुष्यात एकच कुस्ती खेळले, आणि तीही नसत्या चौकशीपायी.

आमचं गाव तळोद्यापासून गाडीरस्त्याने दोन कोस. त्या वर्षी जत्रेच्या फडात वरच्या मुलखातली एक पहिलवान बाई यायची होती. ती पोचायच्या आठ दिवस आधी तिची कीर्ती पोचली. सकाळी घागरभर दूध पिते म्हणे. घाटात बैल थकले की त्यांना गाडीत बसवून जू स्वतःच्या खांद्यावर घेते. तिचा तळहात दगडी पाट्यासारखा, त्यावर मिरची वाटावी. मी तेव्हा बारा वर्षांची, आणि झाकलेलं भांडं दिसलं की उघडून पाहायची खोड जन्माची.

फडाची रीत अशी, की पहिलवानाने हात पुढे करून कडेकडेने तीन फेऱ्या मारायच्या. ज्याने हात धरला त्याने खेळायचं. धरलेला हात सोडता येत नाही. कुणीच धरला नाही तर फड सोडायचा.

बाई दोन फेऱ्या फिरली. गुडघ्यापर्यंत चोळणा, अंगात बंडी, वेणी मानेवर घट्ट गुंडाळलेली. सगळे गडी आभाळातली घार पाहत होते. आमच्या गावचा पहिलवान, ज्याला पाहून रेडे वाट सोडायचे, तो लंगोटाची गाठ चौथ्यांदा बांधत होता.

"धर ना रे भाऊ," शेजारच्याने डिवचलं.

"जिंकनू तं बाईले पाडं म्हनतीन. हारनू तं घरमा भाकर कोन दी?"

मुख्य पंच मायेने म्हणाले, "आक्का, तू दमी गयी व्हशी. खण-नारळ दीसन तुन्ही ओटी भरतस."

"ओटी घरी भरतात," बाई म्हणाली. "मी आठ दिवस गाडीत बसून आले. मला जोड द्या."

तिसरी फेरी सुरू झाली. फेरी संपायला दहा पावलं उरली, तेव्हा तो पुढे केलेला हात माझ्यासमोर आला. खरंच पाट्यासारखा असेल? मी धरून पाहिला.

मऊ होता. नखांत बाजरीचं पीठ.

"तुम्ही भाकरी थापता?" मी विचारलं, तोवर हलगी कडाडली.

"पोर शे ती, सोडा तिले," पंच म्हणाले.

"हात धरलाय तिने," म्हणत बाईने मला आत ओढलं.

आमची कुस्ती पाऊण तास चालली. नारळ फुटायला लागतो तेवढाच वेळ लागला असं काहीजण सांगतात; ते लांब बसले होते. तिने मला उचललं तेव्हा तापीपलीकडची गावं दिसली, सातपुड्यामागे नर्मदा चमकली, काठावर एक बाई धुणं वाळत घालत होती. मग पाळण्यात निजवावं तशी तिने माझी पाठ मातीला टेकवली, आणि पुन्हा हात पुढे केला.

आता सगळे आमच्या पहिलवानाकडे पाहू लागले. बायकांच्या घोळक्यातून त्याची म्हातारी आई म्हणाली, "आते तरी ऊठ रे बापा. पोर बी फडमा जाई उनी."

तो उठला, आणि पडला. धुरळा असा उडाला की शहाद्यात लोकांनी दारं लावून घेतली.

जिंकणाऱ्याला पंचांनी फेटा बांधायचा. वेणी आत घ्यावी की बाहेर ठेवावी, यावर पाच पंचांत सहा मतं पडली. फडाच्या मधोमध बाई मान वाकवून उभी होती.

"सावकाश बांधा," ती म्हणाली.